फाटलेला सबवूफर आणि चुकीचा गोंद

प्रश्न : गाडीतल्या १२ इंची सबवूफरचा कागदी कोन (पुढे-मागे हलणारा पडदा) एका ठिकाणी फाटला आणि शेजारीच रबरी सराउंड (कोनाला फ्रेमशी जोडणारी लवचीक कड) चार-पाच इंच सुटला. दोन्ही सुपरग्लूने चिकटवले. आठवड्याभरात जोडाच्या अगदी शेजारून कागद पुन्हा फाटला. गोंद कमी पडला का?

उत्तर : कमी नाही, चुकीचा पडला. सुपरग्लू वाळला की काचेसारखा कडक होतो. कोन मात्र सेकंदाला तीस-चाळीस वेळा पुढे-मागे होत असतो. कडक ठिपका वाकत नाही, त्यामुळे सगळा ताण त्याच्या कडेला जातो आणि कागद तिथेच फाटतो. शिवाय हा गोंद पातळ असल्याने कागदात झिरपून आणखी जागा ताठ करतो.

पुन्हा गोंद हातात घेण्याआधी कॉइल, म्हणजे चुंबकाच्या फटीतली कोनाला हलवणारी तारेची गुंडाळी, शाबूत आहे का ते पाहा. वायर सोडवून मल्टिमीटर लावा. ४ ओहमच्या कॉइलचे वाचन साधारण ३.२ ते ३.८ यायला हवे. दोन कॉइलचा सबवूफर असेल तर दोन्ही वेगवेगळ्या मोजा. वाचनच येत नसेल तर कॉइल किंवा तिच्याकडे जाणारी वेणीसारखी तार तुटली आहे. मग दोन्ही हातांची बोटे मधल्या टोपीभोवती समान अंतरावर ठेवून कोन सरळ खाली दाबा. एका बाजूने दाबलात तर चांगली कॉइलही घासते आणि फसगत होते. सरळ दाबूनही खरखर आली, तर वरचा कोन कितीही सुबक जोडला तरी उपयोग नाही.

सगळे ठीक असेल तर जुना सुपरग्लू २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासून काढा आणि जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. ॲसिटोन टाळा, फोम आणि कित्येक प्लास्टिक त्याने खराब होतात. फाटलेल्या कडा एकमेकींवर न चढवता समोरासमोर आणा. टूथपिकने चिरेत सुतारकामाचा पांढरा गोंद भरा. त्यात पाणी घालू नका, कागद मऊ पडून कोन वाकतो. मागच्या बाजूने टिश्यू पेपरचा एक पदर चिरेच्या दोन्ही बाजूंना सेंटिमीटरभर पुढे जाईल इतका लावा, ब्रशने गोंद जिरवा आणि वाळल्यावर समोरूनही तसाच पदर द्या. ठिगळाच्या वजनाची धास्ती नको. १२ इंची सबवूफरचा हलणारा भाग सहसा शंभर ग्रॅमच्या वरच असतो, त्यात एक-दोन ग्रॅम कळतही नाहीत. गोंदाचा गोळा मात्र एका बाजूला साचू देऊ नका.

रबरी सराउंडला पांढरा गोंद नीट धरत नाही. तिथे लवचीक कॉन्टॅक्ट ॲडेसिव्ह घ्या : दोन्ही पृष्ठभागांवर पातळ थर, बोटाला लागेनासा होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटे थांबणे, मग दाबणे. एकदा टेकले की सरकवता येत नाही. पण बाकीचा सराउंड जागेवर असल्याने कोन मध्यभागीच राहील. २४ तास वाजवू नका.

कोन चकचकीत पॉलिप्रॉपिलीनचा असता तर हे सगळे उलटे झाले असते. त्यावरून पांढरा गोंद सालीसारखा निघतो; तिथे खास प्रायमर लावून सुपरग्लूच वापरतात.

प्रश्न : फोमचा सराउंड भुगा होऊन गळला. नवा आणून बसवला, पण आता आवाजात खरखर आहे.

उत्तर : कॉइल मध्यभागी नाही. चुंबकाच्या फटीत तिला दोन्ही बाजूंना मिलिमीटरहूनही कमी मोकळीक असते. सराउंड जरासा एका बाजूला ओढला गेला की ती घासू लागते आणि तशीच वाजवली तर तारेवरचे इनॅमल सोलले जाते.

नवीन सराउंड पुन्हा आणायची गरज नाही. फक्त बाहेरची, फ्रेमला चिकटलेली कड बोथट पात्याने सोडवा. पांढरा गोंद लावून कड परत टेकवा. तो सुकायला वेळ घेतो, हाच इथे त्याचा फायदा. ओला असतानाच ॲम्प्लिफायरमधून ३० हर्ट्झचा टोन अगदी हळू आवाजात सोडा आणि खरखर जाईपर्यंत कड थोडी थोडी सरकवा. मग क्लिपा लावा. याने जमले नाही तर मधली टोपी कापून कॉइलच्या नळीत चारही बाजूंनी पातळ फिल्मच्या सारख्या पट्ट्या खोचाव्या लागतात. गोंद पूर्ण वाळल्यावरच त्या काढायच्या.

प्रश्न : कोनामागची, कॉइलला मध्यभागी धरणारी पिवळी जाळी कॉइलच्या नळीपासून सुटली आहे. ग्लू गन चालेल का? बाथरूमचे सिलिकोन?

उत्तर : दोन्ही नको. ही जागा कॉइलला लागून आहे आणि जोरात वाजवताना कॉइल शंभर अंशांपलीकडे सहज तापते. ग्लू गनची कांडी त्याच्या कितीतरी आधी मऊ पडते. उन्हात उभ्या गाडीतली उष्णता वेगळीच. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकोन वाळताना ॲसिटिक ॲसिड सोडते, त्याने तांब्याच्या तारा गंजतात.

इथे कडकपणाच हवा, म्हणून दोन भागांचा एपॉक्सी, तोही सावकाश घट्ट होणारा. पाच मिनिटांचा घेतलात तर जाळी सरळ करायच्या आधीच तो आवळतो. नळीभोवती पातळ वळ द्या. थेंब फटीत ओघळला तर कॉइल कायमची अडकेल, म्हणून काम चालू असताना चुंबक वर आणि कोन खाली असा स्पीकर ठेवा.

प्रश्न : दुरुस्तीनंतर लगेच पूर्ण आवाज द्यावा का?

उत्तर : पहिले काही तास कमी आवाजात. खोका पोर्टचा, म्हणजे हवेसाठी नळी किंवा भोक असलेला, असेल तर सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे सूर कापणारी ॲम्प्लिफायरची सोय) २५ ते ३० हर्ट्झच्या आसपास, पोर्टच्या ट्यूनिंगच्या (पोर्ट ज्या सुराला घुमतो त्याच्या) जरा खाली, लावा. ट्यूनिंगच्या खाली खोक्यातली हवा कोनाला रोखत नाही. तो मोकाट धावतो आणि जुना जोड पहिला सुटतो. ॲम्प्लिफायरचा गेनही (सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारे बटण) उतरवा, कारण क्लिपिंगने, म्हणजे ॲम्प्लिफायर मर्यादेपलीकडे ताणून सिग्नल कापला गेल्याने, कॉइल जळते. त्यावर कुठलाच गोंद नाही.