परभणीच्या उन्हाळ्यातला मदरबोर्ड

प्रश्न : मी पदविका अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला असून साठवलेल्या पैशांतून गेमिंगसाठी संगणक जोडून घेत आहे. रायझन ५ ७६०० हा प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०६० हे ग्राफिक्स कार्ड नक्की झाले आहे. दुकानदाराने तीन मदरबोर्ड दाखवले : ए६२० नऊ हजारांना, बी६५० चौदा हजारांना आणि एक्स६७०ई तीस हजारांना. शेवटचा घेतल्यास गेम अधिक वेगाने चालतील, असे त्यांचे म्हणणे आहे. माझी खोली वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली आहे. कोणता बोर्ड घ्यावा? – एक वाचक, परभणी

उत्तर : दुकानदाराचे म्हणणे खरे नाही. गेम किती वेगाने चालेल हे ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर ठरवतात. तोच प्रोसेसर, तेच कार्ड आणि तीच रॅम या तीनही बोर्डांवर आलटून पालटून बसवली, तरी खेळताना फरक जाणवणार नाही. मात्र बोर्डाने प्रोसेसरला हवी तेवढी वीज न तापता पुरवली पाहिजे. तुमच्या पत्र्याच्या खोलीमुळे ही अट इतरांपेक्षा तुम्हाला अधिक लागू होते, म्हणून आधी तिच्याबद्दल लिहितो.

एसएमपीएसमधून, म्हणजे संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून, बोर्डाला १२ व्होल्टची वीज मिळते, पण प्रोसेसरला साधारण एक ते सव्वा व्होल्टच चालतो. हे रूपांतर सॉकेटच्या, म्हणजे प्रोसेसर बसवायच्या जागेच्या, कडेला असलेल्या भागात होते आणि त्याला व्हीआरएम म्हणतात. ७६०० या प्रोसेसरला जास्तीत जास्त ८८ वॅट घेण्याची मुभा असते. १.१ व्होल्टला ८८ वॅट म्हणजे ८० अँपिअर. घरातला दीड टनाचा एसी सात-आठ अँपिअरवर चालतो, हे लक्षात घेतले म्हणजे नखाएवढ्या त्या भागांवरचा भार कळेल. खोक्यावर ‘१२+२+१ फेज’ असे आकडे छापलेले असतात (फेज म्हणजे व्हीआरएममधील भार वाटून घेणारी एकेक शाखा), पण निव्वळ फेजच्या संख्येवरून काहीच ठरत नाही, कारण प्रत्येक फेजमधील भाग किती अँपिअरचा आहे आणि त्याची उष्णता वाहून नेणारा धातूचा हीटसिंक किती वजनदार आहे, हे त्या आकड्यात येत नाही.

आता तापमान. आंतरजालावर बोर्डांच्या ज्या चाचण्या पाहायला मिळतात, त्या बहुधा २० ते २५ अंशांच्या खोलीत घेतलेल्या असतात. परभणीत मे महिन्यात पारा ४२-४३ पर्यंत जातो आणि पत्र्याखाली दुपारी त्याहून जास्त उकडते. बोर्डावरील भाग खोलीच्या तापमानापासून वर तापत जातात. म्हणून चाचणीत व्हीआरएम ७५ अंशांवर दिसत असेल, तर तुमच्याकडे त्यात सरळ २० मिळवावेत. तापमान फार वाढले की बोर्ड स्वतःच्या बचावासाठी प्रोसेसरचा वेग खाली आणतो. शिवाय तापमानात दर १० अंशांची वाढ झाली की कपॅसिटरचे, म्हणजे वीज साठवून ती स्थिर ठेवणाऱ्या भागाचे, आयुष्य सुमारे निम्मे होते, असा एक ठोकताळा इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहे आणि तो तुमच्या अभ्यासक्रमातही कधीतरी येईल. मराठवाड्यात बोर्ड निवडताना मी चिपसेटच्या, म्हणजे ए६२०, बी६५० अशा बोर्डावरील नियंत्रक चिपच्या, नावाआधी हीटसिंक पाहतो तो यामुळेच.

या कसोटीवर नऊ हजारांचा ए६२० लगेच बाद होतो असे नाही. गेम खेळताना ७६०० सहसा ८८ वॅटची मर्यादा गाठत नाही. व्हिडिओ रेंडर करताना गाठतो. नुसते खेळायचे असेल आणि पैशाची खरोखरच ओढाताण असेल, तर तो बोर्ड चालेल. पण या वर्गातील अनेक बोर्डांच्या व्हीआरएमवर हीटसिंकच नसतो. उद्या याच सॉकेटवर रायझन ७ ७८००एक्स३डी बसवावासा वाटला, तर त्याची मर्यादा १६२ वॅट आहे, आणि तो भार उघड्या व्हीआरएमने मे महिन्यात उचलावा अशी अपेक्षा मी तरी करणार नाही. या सॉकेटला, म्हणजे एएम५ला, २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही साथ देण्याचे रायझन बनवणाऱ्या एएमडी कंपनीने जाहीर केले असल्यामुळे असा बदल करण्याची संधी तुम्हाला नक्की मिळेल.

तीस हजारांच्या बोर्डाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ग्राफिक्स कार्डासाठी पाचव्या पिढीची पीसीआयई जोडणी (कार्ड बोर्डाला जोडणारी खाच) हे त्याचे वैशिष्ट्य, आणि तुमचे कार्ड चौथ्या पिढीचे असून त्या खाचेतील सोळा डेटा-मार्गिकांपैकी आठच वापरते. वाचलेले सोळा हजार कार्डात घातले, तर एक पायरी वरचे कार्ड येईल आणि तो फरक पडद्यावर दिसेल.

तेव्हा बी६५० घ्यावा. पण एकाच चिपसेटचे चांगले आणि सुमार असे दोन्ही बोर्ड बाजारात असतात, म्हणून खोके उघडून पाहावे. सॉकेटच्या डाव्या आणि वरच्या अशा दोन्ही बाजूंना हीटसिंक असावा आणि तो स्क्रूने कसलेला असावा. रॅमच्या खाचा चार असल्या तरी पट्ट्या दोनच घ्याव्यात, कारण चार पट्ट्या लावल्यावर या प्रोसेसरसाठी रॅमचा अधिकृत वेग ५२०० वरून ३६०० वर येतो. झगमगत्या दिव्यांसाठी मात्र एक रुपयाही जास्त देऊ नये.

बायोस फ्लॅशबॅकचे बटण असलेलाच बोर्ड मागावा, हा माझा आग्रह आहे. बायोस म्हणजे बोर्डाचे स्वतःचे मूळ सॉफ्टवेअर, आणि ते अद्ययावत ठेवणे ही हौस नव्हे. २०२३ मध्ये रायझन ७००० मालिकेतील, विशेषतः एक्स३डी प्रकारचे, काही प्रोसेसर जळाल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरच्या एका भागाला मिळणारा व्होल्टेज) १.३ वर रोखणारा उपाय एएमडीने बायोसमार्गेच दिला होता. मात्र बायोस बदलत असताना लाइट गेली, तर बोर्ड निकामी होऊ शकतो, आणि आपल्याकडे लाइट कधी जाईल हे वेगळे सांगायला नको. हे बटण असेल तर पेनड्राइव्हवरून बायोस पुन्हा चढवता येतो. त्यासाठी प्रोसेसर बसवलेला असण्याचीही गरज नसते. तरीही हे काम यूपीएसवरच करावे आणि भिंतीवरच्या ज्या सॉकेटमध्ये संगणक लावणार, त्याचे अर्थिंग वायरमनकडून आधी तपासून घ्यावे.

आणखी दोन गोष्टी. एएम५ मध्ये पिना प्रोसेसरला नसून बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात. दुकानातच झाकण उघडून त्या सरळ असल्याची खात्री करावी आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. पिन वाकलेली असेल तर सहसा वॉरंटी नाकारतात. दुसरे म्हणजे, खोलीतल्या पाण्याच्या कूलरचा झोत कॅबिनेटवर येऊ देऊ नये. बोअरच्या पाण्यातले क्षार जाळीवर जसे पांढरे धरतात, तसे तुषारांबरोबर ते बोर्डावरही बसू शकतात.

प्रश्न : माझ्या मुलासाठी आय५-१२४००एफ आणि एच६१० बोर्ड असा संच सुचवला आहे. हा संच जुना ठरेल का? – एक पालक, लातूर

उत्तर : ठरेल, पण निरुपयोगी ठरणार नाही. एच६१० बोर्डाचे एलजीए १७०० सॉकेट इंटेलच्या बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीपुरते आहे. २०२४ मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेसाठी इंटेलने एलजीए १८५१ हे वेगळे सॉकेट आणले. म्हणजे पुढे मोठा बदल करायचा झाल्यास बोर्डही बदलावा लागेल. बजेट तोकडे असेल आणि संच पाच-सहा वर्षे तसाच वापरायचा असेल, तर हरकत नाही. महागडा झेड मालिकेचा बोर्ड कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका, कारण ज्या ओव्हरक्लॉकिंगसाठी, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्यासाठी, तो बोर्ड असतो, त्याची मुभा या प्रोसेसरला नाही. ‘एफ’ या अक्षराचा अर्थही ध्यानात ठेवावा : या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसल्यामुळे बोर्डावरच्या एचडीएमआयमधून चित्र येणार नाही. मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डालाच जोडावी लागेल.

प्रश्न : नवा बी६५० बोर्ड जोडून सुरू केला, तर पंखे फिरतात पण दोन मिनिटे पडदा काळाच राहतो. मी घाबरून लगेच बंद केला. बोर्ड परत करावा का? – एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : अजून करू नका. डीडीआर५ रॅम प्रथमच लावल्यावर बोर्ड तिच्याशी वेळ जुळवून घेतो आणि त्यात काही मिनिटे जातात. मध्येच बंद केल्यास ते काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. दोन्ही पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत असल्याचे पाहा, संगणक सुरू करा आणि पंधरा मिनिटे त्याला हात लावू नका. चित्र आले की बायोसमध्ये जाऊन एक्स्पो (रॅमला तिच्या छापील वेगाने चालवणारी सोय) सुरू करावे, नाहीतर ६००० ची म्हणून विकत घेतलेली रॅम ४८०० वरच चालत राहते. त्यानंतरचा पहिला प्रारंभही असाच रेंगाळेल. पंधरा मिनिटांनंतरही पडदा काळाच राहिला, तर एकच पट्टी दुसऱ्या खाचेत ठेवून पाहावे, आणि तेव्हाही चित्र आले नाही तर बिल आणि खोके घेऊन दुकान गाठावे.