कुत्र्याला मधमाशी किंवा गांधीलमाशी चावली, तोंड सुजलं नाही, तरी निर्धास्त राहू नका

तुम्ही लिहिलंय की सकाळी फिरताना कुत्र्याने गवतात नाक खुपसलं, एकदम केकाटला, पंजाने तोंड घासत बसला, घरी येईपर्यंत एक उलटी झाली आणि आता झोपलाय, तोंड सुजलेलं नाही म्हणजे धोका टळला ना. वाचून पोटात गोळाच आला, कारण चार वर्षांपूर्वी हेच फोनवर ऐकून मी निर्धास्त झाले होते. तर आधी मोबाईल बाजूला ठेवा आणि त्याला हाक मारा. उठला, नीट चालला, हिरड्या नेहमीसारख्या गुलाबी दिसल्या तर पुढचं वाचा. उठत नसेल, झोकांड्या खात असेल, परत उलटी किंवा जुलाब झाला असेल तर सरळ गाडीत घाला आणि निघा, फोन वाटेत कुणालातरी करायला सांगा.

मी व्हेट नाही, एका कुत्र्याच्या जिवावर शिकलेली बाई आहे, तेवढ्याच बेताने घ्या.

काटा काढा, थंड पट्टी ठेवा वगैरे सगळीकडे लिहिलेलं असतं, त्यात शिरत नाही. फक्त एक, मधमाशीचा काटा नखाने खरवडून काढायचा की चिमटीने ओढायचा यावर लोक तासभर वाद घालतात, त्याला काही अर्थ नाही. काट्याबरोबर विषाची पिशवी राहते आणि ती विष आत ढकलत असते, त्यामुळे कसा काढला यापेक्षा किती लवकर काढला ते महत्त्वाचं. गांधीलमाशीचा काटा राहतच नाही, ती परत परत डंख मारते, तिथे शोधत बसू नका. आणि बेकिंग सोडा, व्हिनेगर लावून विष उतरत नाही, ते कातडीच्या खाली गेलेलं असतं.

आता माझी चूक. आमच्या गुंड्याला याआधी दोनदा चावल्या होत्या, दोन्ही वेळा ओठ फुगून विनोदी तोंड झालं, आम्ही फोटो काढले, संध्याकाळपर्यंत उतरलं. त्यामुळे माझ्या डोक्यात बसलेलं की माशी चावली म्हणजे सूज, आणि सूज नाही म्हणजे काही नाही. तिसऱ्या वेळी पंजाला चावली, काटा मी लगेच काढला, घर वीसेक मिनिटांवर. पाच मिनिटांत उलटी. मला वाटलं गवत खाल्लं असेल. मग पातळ संडास, लगेच दुसऱ्यांदा, आणि तो रस्त्यातच बसला. आणि मी काय केलं, तर पट्टा ओढला, चल रे नखरे नको म्हणाले. बावीस किलोच्या त्या जीवाला मी अर्ध्याहून जास्त वाट चालवत आणलं. तो मान खाली घालून येत राहिला, अजून आठवलं की हात थंड पडतात.

नंतर कळलं ते असं की कुत्र्यात जोराची अ‍ॅलर्जी उठते तेव्हा पहिला तडाखा बरेचदा पोटाला आणि यकृताला बसतो. माणसासारखं आधी अंगावर उठेल, श्वास अडकेल असं काही नाही. यकृतात रक्त तुंबतं, बाकी शरीराला कमी पडतं, बीपी घसरतं. म्हणून उलटी, जुलाब, कधी त्यात रक्त, गळून जाणं, हे तोंड जराही न सुजता होऊ शकतं. डंखानंतर काही मिनिटांत ते अर्ध्या तासात उलटी-जुलाब सुरू झाले तर ते पोट बिघडलेलं धरायचंच नाही. आणि चालवायचं तर अजिबातच नाही, उचला, मोठा असेल तर चादरीत घालून दोघांनी उचला, गाडी तिथे बोलवा.

आणि तो फोन. दवाखान्याचं नाव घेत नाही, पण आमचं नेहमीचंच ठिकाण. आधी नोंदणी नंबर विचारला. रस्त्यावर उभं राहून कुणाला पाठ असतो? मग नावावरून शोधलं, मग होल्ड, मग प्रश्न आला, तोंड सुजलंय का, अंगावर गांधी उठल्यात का. मी म्हटलं नाही, पण उलट्या होतायत, बसलाय. तर म्हणे सूज नाही ना, मग अ‍ॅलर्जी नाही, घरी अ‍ॅलर्जीची गोळी असेल तर द्या आणि संध्याकाळी पाचनंतर आणा. मला तेच ऐकायचं होतं, खोटं कशाला बोलू. घरी आले, गोळी शोधली, दिली, ती बाहेर आली, परत दिली. फोन आणि गोळी मिळून चाळीस मिनिटं गेली. मग तो कुशीवर पडला आणि जीभ राखाडी दिसायला लागली. शेजाऱ्यांनी गाडी काढली आणि आम्ही दुसऱ्याच व्हेटकडे गेलो. अ‍ॅड्रेनालिन (कोसळलेलं बीपी वर आणणारं इंजेक्शन), सलाईन, ऑक्सिजन, दोन रात्री तिथेच. सोनोग्राफीत पित्ताशयाच्या भिंतीला सूज दिसली, यकृताचे रिपोर्ट ताळ्यावर यायला बरेच आठवडे गेले. वाचला.

त्या फोनवरच्या मुलीला दोष नाही देत, तिच्यापुढे प्रश्नांचा कागद असणार आणि तिने तो वाचला. पण नंतर मी तिथे विचारायला गेले तर उत्तर काय, फोनवर सांगितलेलं सल्ला समजू नये असं बोर्डवर लिहिलंय. अहो मग फोन उचलता कशाला! त्या दिवसापासून मी प्रश्न विचारतच नाही, सांगते: "माशी चावली, उलटी झाली, झोकांड्या खातोय, दहा मिनिटांत पोचतोय, अ‍ॅड्रेनालिन तयार ठेवा." नाही म्हणाले तर लगेच दुसरा नंबर. म्हणून दोन दवाखान्यांचे नंबर ठेवा, त्यातला एक रात्री चालू असणारा.

दुसरं, हिरड्या आजच बघून ठेवा. गुंड्याच्या हिरड्या निम्म्या काळ्या आहेत, त्या दिवशी मी ओठ वर करून बघितलं पण मुळात नेहमी कशा दिसतात तेच माहीत नव्हतं. काळ्या असतील तर खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग बघा, किंवा जीभ. गुलाबी हिरडी बोटाने दाबली की पांढरी होते आणि दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवी. फिकट, पांढरट, राखाडी म्हणजे पळा.

गोळीबद्दल माझं मत जरा कडक आहे. नुसत्या सुजेला, खाजेला ठीक, पण कोसळणाऱ्या कुत्र्याला गोळी हा उपचार नाही, त्यात वेळ जातो. सेटिरिझिन किंवा डायफेनहायड्रामिन (अ‍ॅलर्जीची औषधं) द्यायचंच असेल तर वजनाप्रमाणे डोस आधीच व्हेटला विचारून कागदावर लिहून ठेवा. सर्दीच्या एकत्रित गोळ्या नकोत, त्यात स्यूडोएफेड्रिन किंवा पॅरासिटामॉल असतं, दोन्ही कुत्र्याला घातक. गोड सिरपही नको, काहींमध्ये झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते, कुत्र्याला विषारी) असतं. उलट्या चालू असताना तर तोंडातून काहीच नाही. एकदा जोराची रिअ‍ॅक्शन आलेल्या कुत्र्यासाठी अ‍ॅड्रेनालिनचं पेन (टोचायला तयार इंजेक्शन) घरी ठेवावं का हे तुमच्या व्हेटशी बोला, माणसांच्या पेनमधला डोस ठरलेला असतो, लहान कुत्र्याला तो जास्त होऊ शकतो.

तुमच्याने तोंडाने पकडली असेल असं वाटतंय, तर तोंड उघडून जिभेखाली, घशाकडे बघा, पण जपून, दुखणारा कुत्रा मालकालाही चावतो. म्हणून मुसकं बांधायचं मनात येईल, पण उलटी होत असेल किंवा श्वासाला त्रास असेल तर बांधू नका. घशात डंख असेल तर बाहेरून काही दिसत नाही आणि आत सूज वाढत जाते. श्वासाला आवाज यायला लागला तर थांबायचं नाही. पगसारख्या चपट्या नाकाच्यांना तर मी वाटच बघणार नाही, सरळ नेईन.

मोहोळ उठलं तर गोष्टच वेगळी. माशा झटकू-मारू नका, डंखातून आणि चिरडलेल्या माशीतून बाहेर पडणाऱ्या वासाने (पिकल्या केळ्यासारखा येतो) बाकीच्या आणखी चवताळतात. पळा आणि गाडीत किंवा खोलीत शिरून दार लावा, पाण्यात उडी नको, त्या वर थांबून राहतात. खूप डंख बसले असतील तर कुत्रा ठणठणीत दिसला तरी त्याच दिवशी दाखवा आणि पुढचे दोन-तीन दिवस लघवीवर लक्ष ठेवा. लाल किंवा चहासारखी गडद झाली तर रक्तपेशी फुटतायत, किडनीवर येऊ शकतं.

बाय द वे, आता मी लांब पट्टा वापरत नाही. आखूडवर असला की नाक कुठे चाललंय ते दिसतं, आणि गांधीलमाश्यांची घरटी जमिनीतल्या बिळातही असतात.

तुमच्याचं वजन किती, जात कोणती आणि चावून नक्की किती वेळ झाला ते लिहा. आणि उलटी डंखानंतर किती मिनिटांनी झाली, ते आठवून सांगा, व्हेटही तेच आधी विचारेल.