काळ्या पानांवरून फोटो सोडवण्याआधी (हावडा पुलाच्या जुन्या अल्बमविषयी)

आपल्या चुलतआजोबांचा कलकत्त्याचा अल्बम, त्याच्या काळ्या पानांचे पडत चाललेले तुकडे, फोटो सोडवून नव्या अल्बममध्ये लावण्याचा आपला बेत आणि हावडा पुलाच्या फोटोखाली ‘१९४३’ लिहावे का हा आपला प्रश्न, हे सर्व इथल्या आपल्या पोस्टमध्ये वाचून मला राहवले नाही, कारण हाच अल्बम जणू आमच्या सोलापूरच्या साखर पेठेतल्या घरी पत्र्याच्या पेटीत होता आणि मी त्याची माती केली. हात धुऊन फोटो कडेने धरणे, आधी स्कॅन करणे वगैरे गोष्टी आपणांस ठाऊक असतीलच, म्हणून त्या सांगत बसत नाही.

माझे आजोबा युद्धाच्या काळात लष्कराच्या पुरवठा डेपोत कारकून म्हणून कलकत्त्याला होते. परतताना त्यांनी साठ-बासष्ट फोटोंचा अल्बम आणला. जाड काळी पाने, फोटो अडकवायचे त्रिकोणी कोपरे, दोन पानांमध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला पातळ कागद आणि प्रत्येक फोटोखाली पांढऱ्या शाईने बारीक मोडीवळणाचा मजकूर. १९९६ साली माळवद उतरवून स्लॅब टाकायचा ठरला, तेव्हा सामान हलवताना ही पाने हातात चुरली आणि मला वाटले की आपण वेळीच काही केले पाहिजे. नवी पेठेतून मी चिकट पानांचा, वर पारदर्शक कागद ओढायचा अल्बम आणला आणि एका रविवारी दुपारी बसून सगळे फोटो सोडवले. बहुतेक कोपऱ्यांतून अलगद निघाले. जे खळीने चिकटवलेले होते त्यांच्याखाली मी लोणी लावायची सुरी घातली, आणि तरीही जे निघेनात ते चक्क परातीत पाणी घेऊन भिजवले. काळ्या पानांचा चुरा सुपलीत भरून रद्दीबरोबर गेला. संध्याकाळी नवा अल्बम घरभर मिरवला, हेही कबूल करतो.

पुढे दहा वर्षांत त्या चिकट पानांचे पिवळे पट्टे फोटोंच्या पाठीत मुरले आणि आता त्यांतले बरेच फोटो तिथूनही निघत नाहीत, परंतु ते नुकसान मी सोसले असते. खरे नुकसान मजकुराचे झाले. कोणता फोटो कोणत्या पानावर होता, कोणाच्या शेजारी कोण होते, कोणता त्यांनी स्वतः काढवून घेतला आणि कोणता बाजारातून विकत घेतला, हे सांगणारी एकमेव गोष्ट म्हणजे ती पाने होती. साठ ओळींपैकी मला आज एकच ओळ आठवते, पुलाच्या फोटोखालची: ‘दोन्हीकडून हात पुढे आले, गाठ पडायची आहे.’

याची किंमत किती, ते दोन वर्षांपूर्वी कळले. जुनी छायाचित्रे जमा करणाऱ्या एका संस्थेत मी आमचे निघाले तेवढे फोटो घेऊन गेलो. तिथल्या मेजावरच्या गृहस्थांनी मला तीन हेलपाटे घालायला लावले. पहिल्यांदा अर्ज, दुसऱ्यांदा मूळ अल्बम आणा म्हणून, आणि अल्बम उरला नाही असे सांगितल्यावर तिसऱ्यांदा ‘मग हे बाजारातले छापील कशावरून नसतील?’ असा प्रश्न. प्रश्न चुकीचा नव्हता, हे आज मान्य करतो. मात्र बोलता बोलता त्यांनी माझा अर्ज फोटोच्या पांढऱ्या कडेलाच स्टेपल केला, ते मात्र मी अद्याप विसरलेलो नाही. आपण कुठेही गेलात तरी फोटो पाकिटातून बाहेर काढू देताना समोर उभे राहा.

मजकूर गेल्यावर मला फोटोंतल्या वस्तूंवरूनच काळ ठरवावा लागला. मी इतिहासाचा अभ्यासक नाही, साधा निवृत्त नोकरदार आहे, त्यामुळे पुढील गोष्टी पडताळूनच घ्याव्यात. पाण्याला टेकलेला, तराफ्यांवर तरंगणारा पूल दिसत असेल तर तो सर ब्रॅडफर्ड लेस्ली यांचा १८७४ चा जुना पूल होय. जहाजे जाण्यासाठी त्याचा मधला भाग बाजूला काढता येत असे. आजच्या पोलादी हावडा पुलाचे काम १९३६ मध्ये सुरू झाले, १९४२ मध्ये बांधकाम संपले आणि ३ फेब्रुवारी १९४३ रोजी, जपानी बॉम्बच्या धास्तीमुळे गाजावाजा न करता, तो रहदारीस खुला झाला. दोन मनोऱ्यांमधले अंतर १५०० फूट असून नदीत एकही खांब नाही. दोन्ही तीरांकडून ४६८ फुटांचे हात पुढे येतात आणि त्यांच्यामध्ये ५६४ फुटांचा गाळा टांगलेला आहे. आजोबांची ‘गाठ’ ती हीच. 

इमारतींमध्ये माझ्या सर्वाधिक उपयोगी पडले ते सेंट पॉल कॅथीड्रल. त्याचा निमुळता सुळका १९३४ च्या भूकंपात कोसळला आणि नंतर त्याजागी चौकोनी मनोरा बांधला गेला, म्हणून सुळका दिसला की फोटो १९३४ पूर्वीचा, अर्थात माझ्या आजोबांनी काढलेला असणे शक्यच नाही. असे दोन फोटो आमच्याकडे निघाले. म्हणजे त्या गृहस्थांचा संशय निदान दोन फोटोंपुरता खरा ठरला. व्हिक्टोरिया मेमोरियल १९२१ मध्ये खुले झाले, आणि युद्धात हवाई हल्ल्याच्या भीतीने त्या पांढऱ्या संगमरवरावर काळा लेप दिला होता. काळवंडलेला घुमट दिसल्यास फोटो खराब झाला असे समजून तो उजळवायला देऊ नका. मी एक दिला होता. मजकुरात ‘रवींद्र सेतू’ असेल तर तो १९६५ नंतर लिहिलेला आहे, कारण नाव तेव्हा बदलले.

आता आपल्या अल्बमविषयी, माझ्या मते, अगदी हट्टाने सांगतो: काहीही सोडवू नका. पान तुटले असेल तर तुकड्यांसह अख्खे पान आम्लरहित कागदाच्या घडीत ठेवा आणि घडीवर शिसपेन्सिलीने पानाचा क्रमांक घाला. चिकटपट्टी, लॅमिनेशन, डिंक, यांपैकी कशालाही हात लावू नका, ‘तज्ज्ञ’ दुकानदार काहीही म्हणो. आपल्या सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ पर्यंत जातो, तेव्हा पेटी स्लॅबला लागून असलेल्या माळ्यावर नको. खालच्या खोलीत, आतल्या भिंतीच्या कपाटात असावी. वाकलेले फोटो सपाट करण्यासाठी इस्त्री फिरवण्याचा सल्ला मला दोघांनी दिला होता, तो ऐकला नाही, एवढी एकच अक्कल मी दाखवली.

राहिला आपला ‘१९४३’ चा प्रश्न. आपण टाकलेल्या दुसऱ्या फोटोत दोन्ही हातांच्या मध्ये आभाळ दिसते आणि शेजारी तरंगता पूलही उभा आहे, त्यामुळे तो पूल खुला होण्यापूर्वीचा, बांधकाम चालू असतानाचा आहे. ‘१९४३’ लिहिल्यास चूक होईल. त्याच फोटोखाली पानावर पांढऱ्या शाईची ओळ आहे आणि तिची पहिली दोन अक्षरे पुसट दिसतात. पान खिडकीशी आडवे धरून, उजेड एका बाजूने तिरपा येईल असे ठेवून मोबाइलने फक्त त्या खालच्या पट्टीचा फोटो काढा आणि इथे टाका. मोडीवळणाचे अक्षर मला थोडेफार लागते.