गिटार घरी जरूर बनवा, पण पैसे वाचतील म्हणून नको

तुमच्या पत्राचा सारांश असा: चांगली इलेक्ट्रिक गिटार विकत घेण्यापेक्षा लाकडापासून सगळी स्वतः बनवली तर निम्म्यात पडेल, असा तुमचा हिशोब आहे. दरमहा हौसेसाठी जी रक्कम बाजूला ठेवता, तिच्या दहा महिन्यांएवढा खर्च यादीत दिसतोय. तो लगेच करता यावा म्हणून आपत्कालीन निधीतून एका महिन्याच्या घरखर्चाइतके पैसे काढायचे आणि उरलेले क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांवर घ्यायचे. पुढे दोन-तीन गिटारी बनवून विकल्या की सगळं वसूल होईल.

गिटार बनवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण निधीला हात लावू नका, हप्ते घेऊ नका आणि विक्रीचं उत्पन्न हिशोबात धरू नका.

तुमच्या यादीत लाकूड, पिकअप (तारांच्या कंपनाचा विद्युत संकेत करणारा भाग), ब्रिज (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो भाग), ट्यूनर (तारा ताणायच्या खुंट्या), पॉट (आवाज कमी-जास्त करायचं बटण), वायर असं सगळं नीट लिहिलंय. अवजारं मात्र जवळपास नाहीतच. राउटर (लाकूड कोरायचं यंत्र) आणि त्याची पाती, क्लॅम्प (पकडशिकंजे), फ्रेटच्या (गिटारीच्या मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांच्या) खाचा पाडायची बारीक करवत, फ्रेट समपातळीत आणायची सपाट पट्टी, त्यांना पुन्हा गोलाई द्यायची कानस, नटच्या (मानेच्या वरच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचांसाठी वेगवेगळ्या जाडीच्या कानशी, सोल्डरिंगचं सामान. शिवाय लाकडाचा भुसा छातीत जाऊ नये म्हणून चांगला मास्क आणि डोळ्यांना चष्मा, यात काटकसर करायची नाही. पहिल्याच गिटारीसाठी हे सगळं नवं घेतलंत, तर अवजारांचा आकडा सुट्या भागांच्या पुढे सहज जाईल. कारखान्यात हाच खर्च हजारो गिटारींवर वाटला जातो, तुमच्याकडे तो एकाच गिटारीवर बसणार. निम्म्यात पडण्याचा हिशोब इथेच कोलमडतो.

क्वीन या बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांचं उदाहरण तुम्ही दिलंय. त्यांनी आणि त्यांच्या वडिलांनी 1963 मध्ये घरी गिटार बनवायला घेतली, जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडातून नेक (गिटारीची मान) कोरला, हे खरंच. पण त्यांना सुमारे दोन वर्षं लागली आणि वडिलांच्या हातात तांत्रिक कामाचं कसब होतं. पिकअपही त्यांनी आधी घरीच तार गुंडाळून बनवले होते, पण आवाज मनासारखा येईना म्हणून शेवटी बर्न्स कंपनीचे विकत आणले. घरी बनवण्याचा ध्यास असलेल्या माणसानेही काय विकत घ्यायचं हे ठरवलं होतं. तुम्हीही ते आत्ताच ठरवा.

माझं मत विचाराल तर नेक तयार घ्या. सगळ्यात जास्त खास अवजारं नेकलाच लागतात आणि चूकही तिथेच महागात पडते. 648 मिलिमीटरच्या स्केलला (नटपासून ब्रिजपर्यंतच्या तारेच्या लांबीला) पहिला फ्रेट नटपासून 36.37 मिलिमीटरवर येतो (स्केलला 17.817 ने भागायचं), उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागलं की दुसरा, असं करत बारावा बरोबर मध्यावर, 324 वर. यातली एखादी खाच अर्धा मिलिमीटर सरकली, तर त्या फ्रेटवरचे सूर कायम बेसूर लागतात. मग खाच बुजवून पुन्हा पाडा, नाहीतर फिंगरबोर्ड (नेकवरची फ्रेट बसवायची फळी) टाकून द्या. खाचा पाडलेला, ट्रस रॉड (नेक वाकू नये म्हणून आत घालायची सळई) बसवलेला, फ्रेट ठोकलेला नेक आणला की अवजारांची निम्मी यादी आपोआप गळते. बॉडी, वायरिंग आणि पॉलिश तुमच्याच हातचं राहील. शिकण्यासारखं त्यातही भरपूर आहे. राउटर आणि क्लॅम्प कुणा सुताराकडून चार दिवस मागून आणता आले, तर खर्च पुन्हा तुमच्या दहा महिन्यांच्या आसपास यायला हरकत नाही.

आता विक्रीचं. अनोळखी हातांनी बनवलेल्या, नाव नसलेल्या गिटारीला गिऱ्हाईक बहुधा तिच्या सुट्या भागांएवढीच किंमत देतं. पिकअप, ब्रिज, ट्यूनर काढून विकता येतात, चांगली अवजारंही विकता येतात. लाकूड, पॉलिश, सँडपेपर आणि तुमचे शनिवार-रविवार यांचे पैसे परत येत नाहीत. तेव्हा हा हौसेचा खर्च आहे असं मोकळेपणाने मान्य करा. हौसेवर खर्च करणं गैर नाही. त्यासाठीच तर दरमहा पैसे बाजूला ठेवता! नोकरी गेली किंवा घरात आजारपण आलं, तर अर्धवट कोरलेली बॉडी विकून महिना निघत नाही. निधी त्या दिवसासाठी आहे.

घाई करायचं कारणही नाही. पहिली गिटार आठवड्याच्या सुट्टीत बनवताना काही महिने जाणारच. लॅकर मारलंत तर ते पुरतं कडक व्हायलाच काही आठवडे लागतात. काम जसं सरकेल तसा खर्च केला तर महिन्याची रक्कम पुरेल, कर्जाची गरजच पडणार नाही.

फक्त खरेदीचा क्रम पाळा. आधी नेक, कारण बॉडीतली खाच नेकचा बुंधा हातात घेऊन, मोजून कोरायची असते. मग ब्रिज, त्याची जागा स्केलवरून ठरते. त्यानंतर लाकूड, तेही नीट वाळलेलं. पिकअप सगळ्यात शेवटी घ्या आणि पहिल्यांदा साधेच घ्या, कारण त्याच मापाचे भारी पिकअप पुढे कधीही, लाकडाला हात न लावता बदलता येतात. नव्या क्रमाने यादी करून प्रत्येक ओळीपुढे महिना लिहा. एखाद्या महिन्यात रक्कम पुरत नसेल, तर ती ओळ पुढच्या महिन्यात ढकला.