मेनोनाइट कथा-गाण्यांची संध्याकाळ आखताना

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

कॅनडातल्या विनिपेगच्या मेनोनाइट, म्हणजे एका शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या मंडळींच्या कथा, कविता, गाण्यांच्या संध्याकाळची आखणी तुझ्याकडे आली, म्हणून हे पत्र. पहिलं काम, स्टेज काढून टाक. इथे गाणं ऐकायचं नसतं, आलेल्या प्रत्येकाने चार आवाजांत, वाद्याशिवाय गायचं असतं. बाकी सगळं त्याभोवती बसव.

गालिचा असलेला हॉल घेऊ नकोस. गालिचा आवाज गिळतो. शेजारचा ऐकू आला नाही की माणूस बारीक गातो, आणि बघता बघता सगळेच बारीक होतात. लाकडी किंवा फरशीची जमीन हवी, खुर्च्या अर्धवर्तुळात, खेटून. माइक फक्त कथा-कवितांना. गाणं सुरू करणाऱ्याने पिच पाइपवर, म्हणजे सूर देणाऱ्या छोट्या शिट्टीवर, सूर घ्यावा आणि सोप्रानो, आल्टो, टेनर, बास या उंचापासून खालपर्यंतच्या चार आवाजांना आपापला पहिला स्वर गुणगुणून द्यावा. ही दहा सेकंदं वाचवायला गेलं की पहिली ओळ हमखास विस्कटते. वाद्य नसल्याने सूर कडव्यागणिक उतरतो, लय रेंगाळली तर जास्तच. शेवटच्या कडव्यात बासवाल्यांना खालचा स्वर लागेनासा होतो. म्हणून लय चालती ठेवायची.

कार्यक्रमपत्रिकेत नुसतं ‘६०६’ छापू नकोस. ‘प्रेझ गॉड फ्रॉम हूम’ या त्यांच्या लाडक्या स्तुतिगीताचा हा आकडा १९६९च्या भजनपुस्तकातला. तेच गीत १९९२च्या पुस्तकात ११८ आणि २०२०च्या पुस्तकात ७० आहे. अर्धे लोक भलतंच पान उघडून बसतील. पहिली ओळ आणि तिन्ही क्रमांक दे.

एखाद्या आजोबांकडे स्वरलिपीऐवजी आकडे छापलेलं जुनं पुस्तक निघेल. याला ‘त्सिफर्न’ म्हणतात. रशियातल्या मेनोनाइट वसाहतींसाठी हाइनरिख फ्रान्झ यांनी १८६० साली असं पुस्तक काढलं. १ म्हणजे सा, २ म्हणजे रे, ५ म्हणजे प. पट्टी बदलली तरी आकडे तेच. सारेगम शिकलेल्या तुला ते पान लगेच कळेल. एक पान मोठं करून भिंतीवर लाव आणि त्यावरूनच एक कडवं गायला लाव.

कथा तीनच, प्रत्येकी सात मिनिटं. इथे रशियातून आलेल्यांचे दोन प्रवाह आहेत. १८७४पासून आलेले ‘कानाडियर’, त्यांच्या गोष्टी गवताळ माळरानावरच्या पहिल्या हिवाळ्यांच्या. आणि १९२३ ते १९३० मधले ‘रशलेंडर’, त्यांच्या घरांत क्रांती, १९१९च्या कत्तली, दुष्काळ. एकाच बाजूच्या कथा घेतल्यास तर निम्मा हॉल पाहुण्यासारखा बसून राहील. कत्तलीची कथा असेल तर त्या घरच्यांना आधी विचार. तिच्यानंतर अर्धा मिनिट शांतता, मग गाणं. विनोदी कविता लगेच नको.

डिर्क विलेम्स या पंथाच्या जुन्या हुतात्म्याची कथा सांगणारा कोणीतरी भेटेलच. पातळ बर्फावरून पळताना मागे वळून, बुडणाऱ्या पाठलागवाल्याला ओढून काढणारा तो. पुष्कळजण तिथेच थांबतात. तसं करू देऊ नकोस. तरीही त्याला पकडून १५६९ साली नेदरलँड्समधल्या अ‍ॅस्परेन गावात जाळलं, आणि कथेचं सगळं वजन तिथे आहे.

कविता प्लाउटडीच या घरच्या बोलीत असेल तर सार आधी इंग्रजीत दोन ओळींत, मग मूळ कविता सबंध. भाषांतर मागून आलं की हशा कोमेजतो.

शेवटी ‘फास्पा’, म्हणजे कॉफी, चीज, जॅम आणि ‘त्स्वीबाक’ हा दोन मजली लोणीदार पाव. वरचा गोळा खालच्याहून लहान हवा, आणि अंगठा वरच्यातून थेट तळापर्यंत दाबायचा. नुसता वर ठेवला तर भट्टीत तो घसरून पडतो. माणशी तीन धर. हे खाणं आधी ठेवू नकोस. गप्पा सुरू झाल्या की लोकांना परत खुर्च्यांवर बसवणं कठीण.

तुझा,
काका