पोरगी लई गरीब आहे हो मॅडम

लातूरला समुपदेशन करते म्हणलं की लोकांना वाटतं माझ्याकडं नुसती न ऐकणारी पोरंच येत असतील. येतात की. पण दुसरी पण एक तक्रार असते, लेकरू एवढं ऐकण्यातलं तरी मार्क का पडत नाहीत?

मागं औशाकडचे बाप-लेक आले होते (ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून सांगते). पोरगी होस्टेलवर राहून नीटची तयारी करते. वडील खुर्चीत टेकायच्या आधीच सुरू, "पोरगी लई गरीब हाय मॅडम, म्हणाल तिकडं मान हलविती, ट्युशनचे सर बी नाव काढतेत, मग मार्क कामून कमी पडलालेत?" पोरगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत बसलेली.

वडिलांना चहाला पाठवलं. झोप होते का, हो मॅडम. मेसचं जेवण बरंय का, हो मॅडम. मग मी मुद्दाम चुकीचं बोलले, म्हणलं बरंय ना, नीटला 180 प्रश्न, चुकलं तरी मार्क कापत नाहीत, सगळे ठोकून यायचं. तर म्हणते, हो मॅडम! बरोबरला 4 आणि चुकलं की 1 जातो हे तिला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. मग हो का म्हणलीस? बराच वेळ गप्प. मग हळूच, "तुम्हाला चूक कसं म्हणू?"

वर्गात पण हेच चाललेलं. सर विचारतात कळलं का, ही मान हलवते, डाउट तसाच. अकरावीच्या रोटेशनच्या धड्यापासून फिजिक्स सुटलेलं आणि कुणाला पत्ता नाही, कारण अशा शांत पोरीकडं कोण बघतंय.

हे तिचं एकटीचं नाही. सॉलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी 1951 च्या सुमारास रेषांचा प्रयोग केला, दाखवलेल्या रेषेएवढी रेष कोणती ते सांगायचं, त्यात बाकीचे सगळे ठरवून चुकीची रेष सांगायचे आणि चारातल्या जवळपास तीन कॉलेजच्या पोरांनी एकदा तरी, समोर ढळढळीत दिसत असून, त्याच चुकीला हो म्हणलं. पण सोबत एक जण जरी खरं बोलला की हे प्रमाण एकदम खाली यायचं. तो एक जण घरात पाहिजे ना.

वडिलांना हे कसं सांगावं कळंना, घरी देवणी बैल आहेत म्हणाले होते म्हणून सहज विचारलं, गोऱ्हा कसा शिकवता? खुलले एकदम, जुन्या बैलासोबत जुंपायचा, हलकं काम द्यायचं. आणि म्हणले, "लई गरीब गोऱ्ह्याकडं जास्त ध्यान द्यावं लागतंय, खांदा सुजला तरी वढीतच राहतो, खांदेमळणीला हात फिरविला की मग कळतंय." एवढं बोलून स्वतःच थांबले, पोरीकडं बघितलं.

मी दोनच गोष्टी सांगितल्या. "कळलं का" हे विचारायचं बंद, फोनवर "आज काय शिकवलं ते मला शिकव" म्हणायचं, तुम्हाला फिजिक्स येत नाही हे चांगलंच आहे. आणि ती कशालाही नाही म्हणली तर लगेच आवाज चढवायचा नाही. (लेकरू गप्प राहून झोप, जेवण सोडायला लागलं किंवा जगण्यात अर्थ नाही असं काही बोललं तर मात्र वाट बघू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे.)

दोन महिन्यांनी वडिलांचा फोन, "मॅडम, पोरगी उलट बोलाय लागली की हो."

काय म्हणली?

"म्हणली, पप्पा तुम्ही मधी बोलू नका, मला पूर्ण सांगू द्या."