वटवाघूळ उडताना सूर का उतरवतं?

वडोदऱ्यातल्या विश्वामित्री स्टेशनवर न थांबणारी एक्स्प्रेस समोरून गेली की हॉर्नचा सूर एकदम उतरतो. वटवाघळाच्या प्रतिध्वनीचंही असंच होतं का? (दांडिया बाजार)

होतं, आणि दुप्पट होतं. गाडी ताशी 100 किलोमीटरनं धावत असेल, तर येताना हॉर्न पावणेनऊ टक्के चढा लागतो, जाताना साडेसात टक्के उतरलेला. गाणाऱ्यांच्या भाषेत, कोमल गंधारावरून षड्जावर येण्यापेक्षा किंचित कमी. पण फलाटावर तुम्ही स्थिर असता. वटवाघूळ पुढे जाता जाता हाक देतं आणि परतणाऱ्या आवाजालाही तसंच सामोरं जातं, म्हणून फरक दोनदा पडतो.

युरोपातल्या मोठ्या हॉर्सशू वटवाघळाची बसल्या जागची हाक 83 किलोहर्ट्झच्या (सेकंदाला 83,000 कंपनांच्या) आसपास असते. सेकंदाला 5 मीटर वेगानं उडताना प्रतिध्वनी 85.4 वर यायला हवा. इथेच अडचण आहे. त्याच्या अंतर्कर्णाचा बराच मोठा भाग 83 च्या लगतच्या अरुंद पट्ट्यासाठीच राखलेला असतो. तिथे शंभरएक हर्ट्झचा फरकही कळतो, पट्ट्याबाहेर ऐकू येतं पण ती बारकाई उरत नाही. मग ते हाकच 80.6 वर उतरवतं आणि प्रतिध्वनी पुन्हा 83 वर आणतं. हे 1968 साली श्निट्झलर या जर्मन संशोधकानं दाखवलं. उलट बाजूनं मात्र हे होत नाही: प्रतिध्वनी खाली घसरला तर वटवाघूळ हाक चढवत नाही.

एवढा खटाटोप पतंगाच्या पंखांसाठी. लांब, एकसुरी हाकेच्या प्रतिध्वनीत पंखांच्या फडफडीमुळे ठरावीक लयीत आवाजाची क्षणिक वाढ आणि सुराची थरथर उमटते. झाडीत ही लय कुठेच नसते, त्यामुळे पानांच्या गर्दीतूनही भक्ष्य वेगळं काढता येतं.

आमच्याकडे झाडांवर लटकणारी मोठी वटवाघळंही हेच करतात का? (रावपुरा)

नाही. ती फळं खाणारी. डोळे आणि नाक यांवर चालतात. संध्याकाळी दिव्याभोवती गिरक्या घेणारी चिमुकली वटवाघळं प्रतिध्वनी वापरतात, पण त्यांची हाक काही मिलिसेकंदांत वरून खाली घसरते. एवढ्या रुंद हाकेत डॉप्लरमुळे (हालचालीनं सुरात पडणाऱ्या याच फरकामुळे) अंतराच्या अंदाजात फार तर एखाद-दोन सेंटिमीटरची चूक होते.

डॉल्फिन? (मांजलपूर)

पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे 1500 मीटर धावतो, त्यामुळे त्याच वेगाला फरक जेमतेम 0.7 टक्के पडतो. शिवाय त्यांचा टिचकीसारखा आवाज इतका आखूड आणि रुंद पट्ट्याचा असतो की तो फरक त्यातच बुडून जातो.

हे मोबाइलवर मोजता येईल का? (कारेलीबाग)

नुसत्या मोबाइलवर नाही. तो सेकंदाला 48,000 नमुने घेतो, म्हणजे त्याच्या निम्म्याच्या, 24 किलोहर्ट्झच्या वरचं काही पकडत नाही. सेकंदाला 384,000 नमुने घेणारा यूएसबी अल्ट्रासोनिक माइक घ्या. 192,000 चा घेतलात तर 96 किलोहर्ट्झला मर्यादा येते, आणि लहान हॉर्सशू जाती त्याच्याही वर बोलतात. माइकमधला फिल्टर कच्चा असेल तर मर्यादेपलीकडचा आवाज खोट्या, खालच्या सुरात दिसतो.

रेकॉर्डिंग ऑडॅसिटी या मोफत ध्वनी-सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्रामवर (वेळेनुसार सूर दाखवणाऱ्या आलेखावर) उघडा. एकसुरी हाकेसाठी विंडो (एका वेळी तपासायच्या नमुन्यांची संख्या) 2048 ठेवा: 188 हर्ट्झची बारकाई मिळते, 5.3 मिलिसेकंदांचा तुकडा लागतो. चिमुकल्यांच्या घसरत्या हाकेला तो तुकडा फार लांब, तिथे 512 ठेवा.

आता खरी चूक कुठे होते ते. वरचंच वटवाघूळ 80.6 वर बोलत माइकवरून सरळ गेलं, तर येताना 81.8 दिसेल आणि गेल्यावर 79.5. दोन्हींची सरासरी म्हणजे त्याची प्रत्यक्ष हाक, आणि फरकावरून वेग निघतो: 2.3 चा निम्मा, भागिले 80.6, गुणिले 345 (हवेतला ध्वनीचा वेग), म्हणजे सेकंदाला सुमारे 4.9 मीटर. बरेच जण 81.8 हाच त्या जातीचा सूर म्हणून नोंदवतात. जातीचा सूर हवा असेल तर लटकलेल्या वटवाघळाची हाक घ्या, लांबून आणि बॅटरी न लावता. एक सूचना: ही वटवाघळं नाकातून पुढच्याच दिशेला आवाज फेकतात, आणि 80 किलोहर्ट्झचा आवाज हवेत मीटरमागे 2-3 डेसिबल विरतो. त्यामुळे गेल्यानंतरची हाक पुष्कळदा सापडतच नाही.